हयात बापाच्या मुलाने मिशी काढल्याबाबत

पोलीस आउटपोस्ट, मौजे खारवली, तालुका पालघर, जिल्हा ठाणे.
जानेवारी १९६९, बाजाराचा दिवस, दुपार.

जबाब देणाराचे नाव आत्माराम गोविंद सावे, वय एकाहत्तर, धंदा शेती व पानवेलीचा मळा, राहणार खारवली, मधली आळी. ओळखीची खूण: पांढरी, भरघोस, दोन्ही टोकांना वर वळवलेली मिशी. (खूण एरवी लिहीत नाही. परंतु सदर इसम हयात आहे की नाही याबद्दल आज गावात दोन मते असल्याने लिहून घेतली आहे.)

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी जिवंत आहे.

हवालदारसाहेबांचे म्हणणे पडले की हे लिहिण्याची गरज नाही, ते समोर दिसतेच आहे. त्यावर माझे म्हणणे असे की, आज सकाळपासून मी अख्ख्या बाजाराला समोर दिसत होतो, तरी उपयोग झाला नाही. म्हणून पहिले वाक्य तेच लिहावे, असा मी आग्रह धरला व ते लिहिले गेले.

मी वरील ठिकाणी पत्नी सुगंधा, मुलगा बळवंत व सून उषा यांच्यासह राहतो. धाकटी मुलगी मंगला माकुणसारला दिली आहे. आमच्या मळ्यात पाड्यावरचा चिंधू व त्याची बायको ठकी ही दोघे आमच्या तरुणपणापासून कामाला आहेत. मुलगा बळवंत, वय अडतीस, हा ग्रामपंचायतीचा सभासद आहे. तो वाईट नाही. पण कुठे नियम निघाला की तो त्याच्या अंगात येतो, हे त्याचे लहानपणापासूनचे आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भागात हाँगकाँगचा ताप म्हणतात तो आला. कोणी म्हणतात मुंबईहून आला, कोणी म्हणतात समुद्रावरून आला. मी आणला नाही एवढे मी खात्रीने सांगू शकतो. तापाच्या बंदोबस्तासाठी मारुतीच्या देवळापुढे पंचायतीने सभा भरवली व बळवंतने उभे राहून नियम वाचले. बाजारात येणाऱ्याने नाकातोंडाला फडके बांधावे, न बांधल्यास दंड. लग्नात पंगत घालू नये. मयताला खांदेकऱ्यांखेरीज कोणी जाऊ नये, आणि ताप उतरेपर्यंत कोणी कोणाच्या घरी समाचारालाही जाऊ नये. हा शेवटचा नियम हवालदारसाहेबांनी ध्यानात ठेवावा. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला आहे.

मी उठून विचारले, "तोंड बांदल्यावर मानूस पान खानार कुटून?" लोक हसले. मी पानमळेवाला आहे म्हणून हे विचारतो, असे एकदोघांनी सुचवले. ते खरे आहे, पण त्यामुळे प्रश्न खोटा ठरत नाही. बळवंतने माझ्याकडे न बघता सांगितले, "आत्माराम गोविंद सावे यांनी खाली बसावे." अडतीस वर्षांत पोराने माझे नाव पहिल्यांदा उच्चारले ते मला खाली बसवायला. मी म्हणालो, "अरे, तुजा बाप हाय मी!" तो म्हणाला, "सभेत बाप नसतो, बाबा." हे शब्द जसेच्या तसे लिहावेत. शंभर माणसे साक्षीला आहेत.

त्या दिवसापासून गावात दोन तट पडले. एक फडकेवाले, दुसरे उघडे. उघड्यांचा पुढारी मी. आमचे म्हणणे साधे होते. तोंड चोराने झाकावे, आणि समोरचा हसतोय की दात-ओठ खातोय हे दिसले नाही तर बाजार करायचा कसा? फडकेवाल्यांचीही फजिती कमी झाली नाही. आमच्या आळीतल्या लाडकीच्या नवऱ्याने तोंडात पान ठेवून वर फडके बांधले, ते लाल झाले, आणि याला रक्ताची उलटी झाली म्हणून चौघांनी त्याला खाटेवर घालून दवाखान्यात पोचवला. डॉक्टरांनी चूळ भरायला लावून परत पाठवला. तो येताना चालत आला, खाट मागून आणावी लागली.

पुढे मंगलाच्या बाळंतपणासाठी मी व पत्नी माकुणसारला निघालो, कारण तिला सासू नाही. एस.टी.च्या पायरीवर उभा राहून मी सर्वांना ऐकू जाईल असे बोललो, "मी मेलो तरी फडकं बांदनार नाय! मेल्यावर काय बांदायचं ते बांदा!" असे मी बोललो हे मला मान्य आहे. निरोप द्यायला बळवंत आला होता. माझी पिशवी त्याने वर चढवली. आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

माकुणसारला मंगलाला मुलगा झाला, दोघे सुखरूप आहेत. ही बातमी मी घरी कळवली नाही. एक तर रागात होतो, आणि दुसरे, नातवाचे पेढे स्वतःच्या हाताने वाटण्यात जी मजा आहे ती मला पोस्टमनला द्यायची नव्हती.

आज सकाळी मी व पत्नी पेढ्यांचा पुडा घेऊन बाजारात उतरलो. पाहतो तर सगळा बाजार फडकी बांधून उभा. फडकेवाले तर होतेच, पण माझे उघडेसुद्धा. माझ्या शेजारी बसून भजनात टाळ वाजवणारे, फडक्याला शेणपोतेरे म्हणणारे, सगळे नाकापर्यंत बांधलेले. मला पाहून एकजण केळीच्या लोंगरामागे गेला. दुसरा हात जोडून मागे मागे सरकला. मी उघड्या तोंडाचा असल्याने भितात असे मला वाटले व मी मुद्दाम मिशीला पीळ भरत पुढे गेलो.

रंभाबाई ही आमच्या आळीत मासळी घालते. मी तिच्यापुढे पेढा धरला. ती टोपलीमागून उठली आणि म्हणाली, "सावेकाका, काय रायलंय तुमचं? मनात काय आसंल ते सांगा, आमी पुरं करू. पन फुडं येऊ नका." मी म्हणालो, "माजं काय रायलंय? नातू झाला, पेढा घे." त्यावर ती म्हणाली, "मेल्या मानसाच्या हातचा पेढा मी नाय खात!"

हा शब्द मला प्रथम शिवी वाटला. म्हणून मीही एक शिवी दिली, ती येथे लिहिलेली नाही. तेवढ्यात बायका सुगंधाभोवती जमल्या होत्या. त्यातली एक तिच्या कपाळाकडे बघून रडू लागली आणि म्हणाली, "बाय गो, आजून पुसलं नाय?" सुगंधाने जे उत्तर दिले तेही येथे लिहिलेले नाही. सबंध बाजारात माझा पेढा फक्त एकाने घेतला, तो सालवडला राहणारा, उत्तरेकडून आलेला कामगार. त्याने फडके वर करून पेढा तोंडात टाकला आणि "बधाई हो, बाबा," म्हणाला. तो बिचारा माझ्या मरणाबद्दल काही ऐकून नव्हता.

नंतर उलगडा झाला तो असा. रंभाबाईने तो मला बाजारातच सांगितला, आणि माझ्या अगोदर येथेही सांगितला आहे. आम्ही गावात नसताना बळवंत विहिरीवर पाणी प्यायला थांबला व त्याने फडके खाली केले. तिला त्याचा वरचा ओठ साफ दिसला. मिशी नाही. आता आमच्यात बाप असेपर्यंत मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. मिशी उतरली म्हणजे बाप गेला, ते वेगळे सांगावे लागत नाही. हवालदारसाहेब घाटावरचे आहेत. त्यांच्याकडेही हेच आहे म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःची मिशी चाचपून बघितली.

मी माकुणसारला, तिकडे ताप जोरात, आणि मुलाची मिशी उतरलेली. रंभाबाईने हिशेब जुळवला. डोक्याचे केस होते की नाही असे मी तिला विचारले, तर म्हणाली, "टोपी व्हती. ती काडून बगायला मी का त्याची बायको?" बळवंतला विचारावे, तर समाचाराला जायची बंदी. आणि मिशी स्वतः बघावी, तर तिच्यावर फडके. त्यामुळे कोणी विचारले नाही, कोणी पाहिले नाही, आणि सगळ्यांना माहीत झाले. उलट बळवंतचे गावात कौतुक झाले. नियम म्हणजे नियम, बापाचे मयत परस्पर उरकले पण गावाला तोशीस दिली नाही, असे लोक म्हणू लागले. माझ्या मंडळींनी विचार केला की आत्माराम उघड्या तोंडाने फिरला आणि गेला, आणि त्याच दिवशी सगळ्यांनी फडकी बांधली. बळवंतच्या भाषणाने जे झाले नाही ते माझ्या मरणाने झाले. भजनात माझे टाळ दुसऱ्याला दिले आहेत. तो बेताल वाजवतो.

हे मी ऐकत असतानाच बळवंत पंचायतीकडून आला. नाकापर्यंत फडके. मी काही न विचारता ते खाली ओढले. मिशी नव्हती. सुगंधाने ते पाहिले आणि तिच्या हातात मंगलाकडून आणलेल्या सुरणाची पिशवी होती, ती तिने वापरली. तो "आई, ऐक, आई, ऐक," म्हणत होता. ती ऐकत नव्हती.

यावर फडकेवाले ओरडले की आत्मारामने सभासदाच्या तोंडचे फडके ओढले, दंड करा. उघडे ओरडले की आत्माराम जिवंत आहे, म्हणजे आपण उगाच बांधले, आणि त्यांनी आपापली फडकी सोडून हवेत उडवली. मग फडकेवाले ती परत बांधायला धावले. धक्काबुक्की झाली ती याच वेळी. रंभाबाईची टोपली लवंडली, बोंबील पायाखाली गेले, आणि हवालदारसाहेबांनी शिट्टी वाजवून आम्हाला येथे आणले. मी कोणाला मारले नाही. एकाला ढकलले, पण तो आमच्याच बाजूचा निघाला.

माझी तक्रार अशी की, मुलगा बळवंत याने मी हयात असताना मिशी उतरवली, मला गावात मेलेला ठरवला, व सदर गोष्ट आपल्या नियमाच्या फायद्याची म्हणून मुकाट चालू दिली. त्याच्यावर खटला भरावा. तसेच त्याने माझ्या घरातून निघून जावे. ज्याला बाप नको त्याला बापाचे घरही नको. हवालदारसाहेब म्हणाले की जिवंत बापाची मिशी काढण्याला कलम नाही. मी म्हणालो, बापाची नाही, मुलाची. ते म्हणाले, त्यालाही नाही. तरी शोधावे, अशी मी विनंती केली. ते पुस्तक काढून शोधू लागले.

त्या वेळी मळ्यातला चिंधू आउटपोस्टाच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटले तर आला नाही. तोंडाला त्याने कमरेचा पंचा गुंडाळला होता. तो दारातूनच म्हणाला, "आन्ना, त्या मिशीला साक्षी मी हाय."

त्याने सांगितले ते मी ऐकले तसे सांगतो. ठकी तापाने फणफणली होती, दम लागला होता. चिंधूलाही ताप. पाड्यावर गाडीवाला यायला तयार नाही. बळवंतला कळले तेव्हा त्याने आमची बैलगाडी जुंपली, तिला उचलून गाडीत घातली आणि दवाखान्यात नेली. तिच्याजवळ बसायला कोणीतरी हवे होते, ती बसून पेज पिऊ शकत नव्हती. डॉक्टर म्हणाले, जो बसेल त्याच्या तोंडाला फडके घट्ट हवे. बळवंतने बांधले. पण मिशी माझ्यासारखीच, भरघोस. फडके नाकाखाली उचलले जायचे, दोन बोटे फट राहायची. डॉक्टर म्हणाले, असे असेल तर बाहेर बसा. "तवा त्यानं तितंच वस्तरा मागितला," चिंधू म्हणाला. "ठकी आता पाड्याव हाय. आजून उटत नाय. बलवंतदादाबिगर कोन येत नाय आमच्याकडं. रोज तोच पेज आनतो."

हवालदारसाहेबांनी पुस्तक मिटले.

बळवंत बाकावर बसला होता. सुरणाने कपाळाला टेंगूळ आले होते. मी विचारले, "मला बोलला का नायस?"

तो म्हणाला, "तुमी बोलू कुटं दिलंत, बाबा? मला तर आत्ता इते कळलं, गावात तुमाला काय केलंय ते. लोक लांबून जातात, उषाला पन विहिरीवर कोन बोलत नाय. मला वाटलं आमी तापाच्या घरात जातो म्हनून भितात."

मी विचारले, "आनि वस्तरा लावताना बाप आटवला नाय?"

तो म्हणाला, "आटवला. दोनदा वस्तरा खाली ठेवला. मग आत ठकीआय खोकली."

ठकीआय असे तो का म्हणतो ते हवालदारसाहेबांनी विचारले. बळवंत झाला तेव्हा सुगंधा फार आजारी पडली होती, तिला दूध नव्हते. ठकीच्या मांडीवर तिचे स्वतःचे पोर होते. तिने एकीकडे ते आणि एकीकडे बळवंत, असे दोघांना पाजले. ती हे मागच्या पडवीत बसून करत असे, पुढच्या दाराने ती आमच्या घरात आजवर आलेली नाही. आमच्या घरात ही गोष्ट बोलली जात नाही. हवालदारसाहेबांनी लेखणी थांबवून विचारले, लिहू का? मी आधी नको म्हणालो. नंतर लिहा म्हणालो. आता ही ओळ खोडू नये.

मला लाज वाटली, आणि मुलाबद्दल फार बरे वाटले. दोन्ही लिहावे. नातवाचे पेढे मी बाजारात ज्याला त्याला देत सुटलो होतो, आणि ठकी आजारी आहे हे मला माहीतसुद्धा नव्हते.

यानंतर मी हवालदारसाहेबांची परवानगी घेऊन बाहेर गेलो. आउटपोस्टासमोर पिंपळाखाली बाजारातला न्हावी बसतो, त्याच्यापुढे जाऊन बसलो व काय करायचे ते सांगितले. तो वस्तरा घ्यायला तयार होईना. "सावेकाका, कोन गेलं?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, "माजा बाप. तीस वर्सं झाली. मला मुभा हाय." सर्व बाजार गोल उभा राहून बघत होता. नियमाप्रमाणे लांब उभे राहा असे बळवंतने त्यांना सांगितले, आणि मीही सांगितले. सुगंधाने माझा वरचा ओठ माझे वडील गेल्यानंतर आजच पाहिला. "बारीक झालात," एवढेच म्हणाली, आणि आपल्या जुन्या लुगड्याचे धुवट फडके तिने पिशवीतून काढून माझ्या तोंडाला मागून गाठ मारून बांधले. कुठेही फट राहिलेली नाही.

मी मेलो तरी फडके बांधणार नाही, मेल्यावर बांधा, असे एस.टी.वरून बोललो होतो. गावाच्या हिशेबी मी एकदा मेलेलो आहे, त्यामुळे माझा शब्द मोडलेला नाही. हे उघड्यांनीही समजून घ्यावे. तोंडात पान ठेवून फडके बांधू नये.

बळवंतविरुद्ध माझी तक्रार राहिलेली नाही, त्याने घरीच राहावे. फडके ओढल्याचा दंड पंचायतीने नियमाप्रमाणे घ्यावा, कारण सभेत बाप नसतो. रंभाबाईच्या बोंबलांची भरपाई मी पानांत करून देईन, तिला ते चालेल असे ती म्हणाली. भजनातले टाळ मात्र मला परत हवेत.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला वाचून दाखवला. त्यांच्याही तोंडाला फडके असल्यामुळे काही वाक्ये दोनदा वाचावी लागली, पण मला सगळे समजले आणि मी सांगितले तसेच ते उतरले आहे. एकच दुरुस्ती आहे. आरंभी ओळखीची खूण म्हणून लिहिलेली मिशी आता माझ्याजवळ नाही, तेवढी ओळ खोडावी. माझी किंवा बळवंतची मिशी नाही हे पाहून कोणी आमच्या घरी समाचाराला येऊ नये. पुड्यात पेढे थोडे उरले आहेत, ते मी पाड्यावर नेणार आहे. मला आता सोडावे, ठकीच्या पेजेची वेळ झाली आहे.

सही
आत्माराम गोविंद सावे
(हयात)